फाटकागणिक चढउतार : ज्येष्ठांसाठी आपला रस्ता चालण्याजोगा कसा करून घ्यावा

माझ्या सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या. रोज सकाळी साडेसातला 'बागेत जाऊन येते' म्हणून निघतात. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींनी मला जरा बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, तुझ्या सासूबाई भर रस्त्यातून चालतात. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून दमतात, पण त्या हलत नाहीत." घरी आल्यावर मी थोडं चढ्या आवाजातच विचारलं, "आई, एवढा मोठा फुटपाथ आहे ना?" त्या म्हणाल्या, "आहे की. पण तो जिना आहे गं. एकदा माझ्या मागून ये, मग बोल."

गेले मागून. घरापासून बागेपर्यंत ६४० मीटर. वाटेत सोसायट्यांची आणि दुकानांची मिळून ११ फाटकं. गाडी आत जावी म्हणून प्रत्येक फाटकाशी फुटपाथ तोडलेला. तिथे उतरायचं, फाटक ओलांडायचं, पुन्हा चढायचं. जाऊन-येऊन २२ उतार, २२ चढ. एका चढाची उंची मी नंतर टेपने मोजली, ती निघाली २३ सेंटिमीटर. घरातल्या जिन्याची पायरी १५-१७ सेंटिमीटरची असते. हिशेब केला तर बाई रोज सकाळी पाच मीटर चढत होत्या, म्हणजे दीड मजल्याहून जास्त, आणि तेही कठडा नसलेल्या जिन्याने. त्यापेक्षा डांबरी रस्ता सपाट. रिक्षावाल्यांचा हॉर्न गुडघ्याला तरी लागत नाही.

तेव्हापासून आम्ही पाच-सहाजण या एका रस्त्याच्या मागे लागलो. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. संदर्भ पुण्याचा आहे, पण नाशिक, ठाणे, नागपूर, कोल्हापूर कुठेही खात्यांची नावं थोडीफार बदलून हेच लागू पडेल.

एकच रस्ता धरा

'आमच्या प्रभागातले फुटपाथ सुधारा' असा अर्ज देऊ नका. त्यावर 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं, कारण प्रभागात कुठे ना कुठे काहीतरी चालूच असतं.

आधी दहा-पंधरा ज्येष्ठांना विचारा की तुम्ही आठवड्यात पायी कुठे कुठे जाता. ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक असेल तर उत्तमच. उत्तरं ठरलेली असतात : देऊळ, बाग, औषधांचं दुकान, बँक, भाजी, बसथांबा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढे आहे : कुठे जायचं सोडून दिलंत? आमच्याकडे आठजणांनी एकच बँक सांगितली. अंतर जेमतेम ३०० मीटर, पण मधे एक चौक. या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून अर्धा-पाऊण किलोमीटरचा एक पट्टा निवडा, जिथे जास्तीत जास्त लोकांचे पाय पडतात. त्याहून लांब पट्टा पहिल्या खेपेला घेऊ नका.

मागे चाला, बोलू नका

ही पायरी लोक गाळतात. 'आम्हाला माहीत आहे आमचा रस्ता' म्हणतात. मलाही माहीत होता, सतरा वर्षं.

काठी घेऊन चालणारं एक माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं एक, आणि जमल्यास वॉकर किंवा व्हीलचेअरवरचं एक, अशा तिघांच्या मागून वेगवेगळ्या दिवशी चाला. चार-पाच पावलं मागे राहा. मदतीचा हात पुढे करू नका (पडायला आले तर अर्थात करा). वहीत एवढंच टिपा : कुठे थांबले, कुठे फुटपाथ सोडला, कुठे कशाला हात लावला.

हात कशाला लावतात हे मला सर्वांत बोलकं वाटलं. सासूबाई तीन ठिकाणी उभ्या मोटारींच्या बॉनेटला हात टेकत होत्या आणि एका ठिकाणी महावितरणच्या डीपी बॉक्सला. तो बॉक्स फुटपाथच्या मधोमध आहे, त्यावर आमची तक्रार होती. पण त्यांना तोच तेवढा आधार होता. तो हलवायचा तर जवळपास एखादा दांडा किंवा बाक हवा, हे घरी बसून सुचलं नसतं.

दुसरी गोष्ट चष्म्याची. ज्यांना दुहेरी भिंगाचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, ते खाली पाहतात तेव्हा वाचायच्या भिंगातून पाहतात. वाचायचं भिंग हातभरावर स्पष्ट दाखवतं, पायाशी नाही. त्यामुळे पायरीची कड अंधूक दिसते. त्यात फुटपाथही राखाडी, रस्ताही राखाडी. म्हणून माणूस उतरण्याआधी पाय पुढे करून चाचपतो. असं कुणी चाचपताना दिसलं की तिथे कडेला पिवळा पट्टा हवा, असं वहीत लिहा.

एकदा सकाळी चाला आणि एकदा संध्याकाळी सातनंतर. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावरही एकदा. फुटपाथला घातलेल्या गुळगुळीत ग्रॅनाइटचं खरं रूप पावसातच कळतं.

मोजा

लागणारं सामान : पाच मीटरची टेप, खडू, वही, मोबाइल, आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस. शाळकरी नातू मिळाला तर फारच छान. त्यांना खडूने रस्त्यावर आकडे लिहायला आवडतं आणि लोक त्यांना अडवत नाहीत.

देशातल्या पादचारी सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची 'आयआरसी १०३' नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अभियंत्यांची भाषा तीच. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःची शहरी रस्ता रचनेची तत्त्वंही स्वीकारली आहेत. म्हणून आपण 'फुटपाथ फार उंच आहे' म्हणण्याऐवजी 'उंची २३ सेंमी आहे, १५ पर्यंत हवी' म्हणायचं. समोरच्याची नजर बदलते.

उंची मोजताना टेप रस्त्याच्या डांबरापासून फुटपाथच्या वरच्या कडेपर्यंत धरा (या कडेला अभियंते 'कर्ब' म्हणतात). १५ सेंटिमीटरच्या वर नको. आपल्याकडे ती वाढते कशी ते कळलं तर बोलणं सोपं जातं : फुटपाथ दुरुस्तीला आला की जुन्यावरच नवा थर चढतो, आणि उंच फुटपाथवर गाड्या चढत नाहीत ही जुनी समजूतही आहे. गाड्या तरीही चढतात. म्हातारी माणसं चढत नाहीत.

चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. इथे एक गफलत होते. फुटपाथ तीन मीटरचा असला, तरी एका बाजूला झाडाचा पार, दुसरीकडे दुकानाची पायरी आणि मधे फलकाचा खांब असेल, तर चालायला ८० सेंटिमीटरच उरतात. मोजायचे ते हे ८०. डोक्यावरची मोकळी उंची २.२ मीटर धरतात. लोंबत्या केबल आणि दुकानांच्या ताडपत्र्या यांसाठी तो आकडा कामाला येतो.

उताराचं गणित सगळ्यांत जास्त चुकतं, म्हणून त्यावर थांबते. रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. आमच्या २३ सेंटिमीटरला पावणेतीन मीटर लागले असते. जागा आहे कुठे एवढी? मग ठेकेदार काय करतो, फुटभर लांबीत सिमेंटचा एक गोळा थापतो आणि त्यावर निळ्या रंगात व्हीलचेअरचं चित्र काढतो. त्या उतारावरून व्हीलचेअर खाली सुटली तर थेट बसपुढे. म्हणून 'रॅम्प द्या' ही मागणी फाटकांच्या बाबतीत चुकीची आहे, हे आम्हाला एक वर्ष वाया घालवून कळलं.

मागायचं ते असं : फुटपाथ फाटकावरूनही त्याच पातळीत सलग न्या, आणि चढउतार गाडीला करू द्या. फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला अर्धा-पाऊण मीटर रुंदीचा छोटा चढ द्यायचा. गाडी त्यावरून चढते, फुटपाथ ओलांडते आणि आत जाते. गाडीला इंजिन आहे. चालणाऱ्याला मधे कुठेही उतरावं लागत नाही, आणि गाडीचा वेगही आपोआप मंदावतो. गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथेही हेच तत्त्व चालतं : फुटपाथच्या पातळीचा उंचवटा, ज्याला ठेकेदार 'टेबल टॉप' म्हणतात.

बाकीचं थोडक्यात. चेंबरची झाकणं वर आलीत की खाली गेलीत ते प्रत्येक झाकणाशी मोजा; अंगठ्याएवढा फरकही पाय घासत चालणाऱ्याला पाडतो. गाड्या अडवायला लावलेल्या खांबांमधली जागा ९० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर व्हीलचेअर अडते. जास्त असेल तर दुचाकी आत घुसते. यावर पूर्ण तोडगा मला अजून कुणी दाखवलेला नाही. आम्ही व्हीलचेअरच्या बाजूने कौल दिला.

बाकांचं मात्र नीट लिहा. वयस्कर माणूस किती लांब जाऊ शकतो हे पायांपेक्षा पुढचा बाक कुठे आहे यावर ठरतं. दर १००-१५० मीटरला एक धरा. बसायची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, पाठ टेकायला हवी, आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण उठताना जोर हातांवर येतो. आपल्याकडे मिळतात ते काळ्या दगडाचे, पाठ नसलेले, मे महिन्यात तव्यासारखे तापणारे, आणि त्यावर बसायच्या जागेपेक्षा 'यांच्या विकासनिधीतून'चा मजकूर मोठा. मागणीपत्रात 'पाठ व हात असलेला, सावलीतला' हे शब्द घालाच, नाहीतर तसलाच पदरात पडेल. आणि स्वच्छतागृह कुठे आहे, किती वाजता कुलूप लागतं, तेही टिपा. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत यावर कुणी बोलत नाही, पण लांब न जाण्याचं ते पहिल्या दोन कारणांपैकी एक असतं. आमच्याकडे दोन आजोबांनी ते मला एकटीला गाठून सांगितलं.

चौक आणि सेकंद

बँकेला न जाणाऱ्या त्या आठजणांचा चौक मोजायला आम्ही स्टॉपवॉच घेऊन गेलो. रस्ता १८ मीटर रुंद. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १५ सेकंद. यामागचं गणित सरळ आहे : माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, १८ भागिले १.२ म्हणजे १५. सासूबाईंना सोसायटीच्या आवारात खडूने आखलेले १० मीटर चालायला लावलं. १३ सेकंद लागले. म्हणजे तो चौक त्यांना साडेतेवीस सेकंदांचा. हिरवा दिवा गेला तेव्हा त्या जेमतेम दोन-तृतीयांश रस्त्यात असणार, आणि समोर दुचाक्यांची रांग एक्सलरेटर पिळत उभी.

तुमच्याकडे हे असंच करा. पाच ज्येष्ठांना १० मीटर चालवा, वेळ लिहा, सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा आकडा घ्या. सरासरी काढू नका. सरासरीने रस्ता ओलांडता येत नाही.

मग मागण्या दोन. सिग्नलची वेळ वाढवणं हे काम वाहतूक पोलिसांच्या संमतीशिवाय होत नाही, म्हणून वाहतूक विभागाला वेगळं पत्र द्या आणि त्यात हे आकडे लिहा. दुपारी बारा ते चार या कमी गर्दीच्या वेळेत वाढवून द्या, अशी सुरुवात केली तर नकार मिळणं अवघड जातं. सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठांनी आपलं कार्ड सिग्नलच्या खांबाला लावलं की ३ ते १३ सेकंद जास्तीचे मिळतात. आपल्याकडे तसं यायचं तेव्हा येईल. बारा ते चारसाठी यंत्राची गरज नाही.

दुसरी मागणी, मधे उभं राहायला जागा. दुभाजक तोडून झेब्रा पट्टे नेले असतील, तर तिथे किमान १.२ मीटर खोलीची सुरक्षित जागा हवी, दोन्ही बाजूंना खांब असलेली. रस्ता दोन हप्त्यांत ओलांडता आला की सेकंदांचा प्रश्नच निम्मा होतो.

कुणी पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग सुचवला तर हात जोडून नको म्हणा. पंचवीस-तीस पायऱ्या चढून उतरणारा माणूस या लेखाचा विषय नाही. 'लिफ्ट बसवू' असं म्हणाले तर शहरातल्या अशा लिफ्ट पाहून या आणि मग ठरवा.

काम कुणाचं

चुकीच्या दारात टाकलेला अर्ज तीन महिने खातो. ढोबळ वाटणी अशी : मोठ्या रस्त्यांचे फुटपाथ पथ विभागाकडे, गल्ल्यांची किरकोळ दुरुस्ती क्षेत्रीय कार्यालयाकडे. पुण्यात अशी १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. चेंबर ड्रेनेजचा की पाणीपुरवठ्याचा हे झाकणावर बहुतेकदा लिहिलेलं असतं. डीपी बॉक्स महावितरणचा, झाड उद्यान विभागाचं, बसथांबा पीएमपीचा (म्हणजे शहर बससेवेचा), फुटपाथवर लावलेल्या गाड्या वाहतूक पोलिसांच्या, दुकानाबाहेर आलेला माल अतिक्रमण विभागाचा. मोबाइल कंपनीच्या केबलची खोदाई कुणाची, हे शोधण्यात आमचा एक पावसाळा गेला.

म्हणून मोजमापाच्या तक्त्यात एक रकाना 'कोणाकडे' असा ठेवा. मग एकच मोठा अर्ज न करता खात्यानुसार चार-पाच छोटे अर्ज होतात.

अर्ज

लांबलचक लिहू नका. कर्तव्य, संवेदनशीलता, ज्येष्ठांचा सन्मान यांतलं काहीही लागत नाही. आमच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटी कामाला आलेल्या अर्जाचा मजकूर जवळपास असा होता :

*विषय : अमुक चौक ते अमुक उद्यान रस्त्यावरील पदपथ फाटकांच्या जागी समपातळीत सलग करण्याबाबत.*

*महोदय, सदर रस्त्याच्या उत्तर बाजूस ६४० मीटर लांबीत पदपथ ११ ठिकाणी खंडित असून कर्बची उंची २० ते २५ सेंमी आहे (तक्ता व छायाचित्रे सोबत). आयआरसी १०३ नुसार ती १५ सेंमीपेक्षा जास्त नसावी. त्यामुळे ज्येष्ठ नागरिक वाहनांच्या मार्गिकेतून चालतात. पहिल्या टप्प्यात तक्त्यातील अ. क्र. ३ ते ६ येथे पदपथ सलग करावा, ही विनंती. स्थळपाहणीस आम्ही हजर राहू. कृपया तारीख कळवावी.*

यातली दोन वाक्यं महत्त्वाची. 'पहिल्या टप्प्यात ३ ते ६' हे वाचून अभियंत्याला काम आवाक्यातलं वाटतं. 'स्थळपाहणीची तारीख कळवावी' यामुळे उत्तर देणं भाग पडतं.

सोबत दोन कायदेशीर आधार जोडून ठेवा, पण पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका. एक, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. काठी, वॉकर, व्हीलचेअरवाल्यांसाठी सार्वजनिक जागा वापरता येण्याजोग्या करण्याची जबाबदारी त्यात आहे. दुसरा, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग असल्याचं म्हटलं आहे.

दोन प्रती न्या. एक टपालात द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे कागद. एका कार्यालयात आम्हाला 'साहेबांच्या टेबलावर ठेवून जा' असं सांगितलं होतं, आम्ही ठेवून आलो, आणि महिनाभराने तो अर्ज कुणाच्याही टेबलावर नव्हता. चूक आमचीच.

महिन्याभरात हालचाल नसेल तर क्षेत्रीय कार्यालयाच्या मोहल्ला कमिटीत विषय मांडा, कारण तिथे वेगवेगळ्या खात्यांची माणसं एका खोलीत सापडतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. माहिती अधिकार हे शस्त्र शेवटी काढा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि उत्तराला ३० दिवस. प्रश्न 'काम का झालं नाही' असा विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. 'आवक क्रमांक अमुकवरील टिपणीच्या व शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात' असं लिहा.

पैसे

अभियंता मनापासून हो म्हणाला तरी पुढचं वाक्य येतं : तरतूद नाही. ते खरं असतं. म्हणून अर्ज वर्षात केव्हा करायचा ते महत्त्वाचं.

पुण्यात अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत २००६-०७ पासून आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज मागवतात. जाहीर सूचना येते ती पाहत राहा. त्यात छोटी कामं बसतात : चार फाटकं, तीन बाक, एक टेबल टॉप. आमचा 'पहिला टप्पा' याच मापाने कापलेला होता. अर्जावर एस्टिमेट करणारा अभियंता वेगळा असतो, त्याला जागा दाखवायला स्वतः जा.

दुसरा रस्ता नगरसेवकांचा. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात ते नव्हतेच, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. आता पुन्हा प्रभागात माणसं आहेत. त्यांना भेटायला जाताना मागणीपत्राबरोबर दहा-बारा ज्येष्ठ घेऊन जा, आणि भाषण ऐकून न घेता फाटक क्रमांक तीनपर्यंत चालत घेऊन या. आम्ही एकांना असं आणलं, त्यांच्या हातात काठी दिली आणि सांगितलं की वाकून, खाली न पाहता चढून दाखवा. फोटो काढला नाही, एवढी सभ्यता पाळली.

भाजीवाल्या मावशींशी भांडू नका

फुटपाथचा विषय निघाला की पहिलं बोट फेरीवाल्यांकडे जातं. आमच्याही बैठकीत गेलं. पण मागे चालताना वहीत काय लिहिलं होतं? सासूबाई कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींपाशी रोज चार मिनिटं थांबतात. मावशी त्यांना उलटा क्रेट देतात बसायला. चक्कर आली तेव्हा पाणी त्यांनीच दिलं, घरी फोनही त्यांनीच केला. त्यांना हटवलं तर तो रस्ता रुंद होईल आणि निर्जन होईल.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नोंदणी असलेल्या विक्रेत्याला असं उठवताही येत नाही. करायचं ते एवढंच : झाडं, खांब, डीपी बॉक्स, बाक यांची जी कडेची रांग असते, त्या पट्ट्यात टोपल्या आणायच्या आणि १.८ मीटर मोकळे ठेवायचे. आम्ही खडूची रेघ मारून मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "रेघ मारा, पण पक्की मारा. खडूची रेघ दुपारी पुसते आणि मग दुकानदार पुढे सरकतो." पक्का पिवळा पट्टा मारून घेतला. दुकानदार अजूनही पुढे सरकतो, पण आता मावशीच त्याला ओरडतात.

दुचाक्यांचं पार्किंग हे मात्र खरं दुखणं आहे आणि त्यावर माझ्याकडे गोड उपाय नाही. वाहतूक पोलिसांकडे फोटोसह तक्रारी करत राहणं, एवढंच.

काम सुरू झालं की खुर्ची टाका

सगळी मेहनत वाया जाते ती इथे. मंजुरी येते, आपण पेढे वाटतो, आणि आठ दिवसांनी पाहतो तर फुटपाथ आणखी उंच.

कामाच्या दिवशी, विशेषतः पातळीची दोरी बांधतात त्या सकाळी, कुणीतरी तिथे हवं. आमच्यातले एक निवृत्त काका अक्षरशः घरून खुर्ची आणि थर्मास घेऊन बसले. मिस्त्रीला नकाशा कुणी दाखवलेला नसतो. त्याला सांगितलेलं असतं, 'फाटकाशी खाली घे', कारण नेहमी तसंच करतात. काकांनी त्याला चहा दिला आणि नकाशा दाखवला. दोरी सरळ गेली.

तपासायच्या गोष्टी : पेव्हर ब्लॉकखालची वाळू आणि खडीचा थर नीट दाबलाय का, नाहीतर पहिल्या पावसात खड्डा पडतो. चेंबरची झाकणं नव्या पातळीला आणलीत का. झाडाच्या बुंध्याभोवती मोकळी माती ठेवलीय का, सिमेंटने गळा आवळला तर मुळं फरशी उचलतात. पावसाचं पाणी कुठे जाणार, कारण फाटकावर फुटपाथ सलग केला की पाणी आतल्या सोसायटीत शिरतं आणि मग तीच सोसायटी पहार घेऊन तो फोडते. हे आमच्या सहाव्या फाटकाशी झालं. जाळीची पन्हळ आधीच मागायला हवी होती. आणि अंधांसाठीच्या उठावाच्या पिवळ्या फरशा घालतील तर त्या खांबावर जाऊन आदळत नाहीत ना, ते डोळे मिटून एकदा चालून बघा.

काम बघायला कुठे जावं असं मिस्त्री किंवा अभियंता विचारेल, तेव्हा जंगली महाराज रस्ता सांगा. त्यावर टीका पुष्कळ झाली आहे, पण फुटपाथ सलग आहे आणि बसायला जागा आहेत. ११ डिसेंबरला पुणे महापालिका पादचारी दिन पाळते. २०२१ पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवतात. त्या दिवशी आपल्या अभियंत्यांना आणि ज्येष्ठांना एकत्र तिथे गाठणं सोपं असतं.

काम झाल्यावर

दोषदायित्व कालावधी हे शब्द पाठ करा. काम झाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करून द्यायची असते. ती मुदत कार्यादेशात लिहिलेली असते, त्याची प्रत मागून घ्या आणि मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा. खोदाई करणारी कुणीही संस्था आली की परवानगीचा कागद पाहायला मागा आणि खोदण्याआधीचा फोटो काढा, पातळीला टेप लावून.

आणि दरवर्षी दिवाळीनंतर, पावसाळ्यात खचलेलं खचून झालं की, पुन्हा मागून चाला आणि उतरायच्या जागा मोजा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर ११ आहेत. त्याखाली ९, मग ७. यंदा पाच भरल्या. आठव्या फाटकाचे मालक अजून भेटायचे आहेत, सासूबाई म्हणतात, "त्यांची आई आणि मी भिशीत आहोत, ते मी बघते."